एका कादंबरीच्या पाच प्रती: नागपूरच्या ग्रंथालयांना खुलं पत्र

प्रति,
नागपूर शहरातल्या सार्वजनिक ग्रंथालयांचे पदाधिकारी, संचालक मंडळांचे सदस्य आणि ग्रंथपाल यांस,

सप्रेम नमस्कार.

मी नागपुरातल्या एका शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवते. तुमच्यापैकी काहींच्या ग्रंथालयाची मी जुनी सभासद आहे, तेव्हा हे पत्र परक्याचं समजू नये. मागणी एकच आहे. तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींसाठी प्रत्येक ग्रंथालयात एक वेगळं, उघडं कपाट असावं, त्यात त्यांच्या वयाला भिडणाऱ्या कादंबऱ्या असाव्यात, आणि निवडलेल्या प्रत्येक कादंबरीच्या निदान पाच प्रती असाव्यात. कपाटाची मागणी याआधी कोणी ना कोणी केलीच असेल. माझा सगळा जोर पाच प्रतींवर आहे, आणि तो का, हे सांगायला थोडी जागा लागेल.

आधी आज काय होतं ते बघू. सहावीतली मुलगी आईबरोबर ग्रंथालयात येते. तिला बालविभाग दाखवला जातो. तिथे इसापनीती असते, बिरबल असतो, परीकथा असतात, थोरांची चरित्रं असतात. ती सगळं अधाशासारखं वाचून काढते आणि दोन वर्षांत त्या विभागाच्या पलीकडे जाते. मग ती देवघेवीच्या टेबलाशी येऊन मोठ्यांची कादंबरी मागते, तर पलीकडून विचारलं जातं, "तुझ्यासाठी की आईसाठी?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण चौदा वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं. ती पुस्तक तिथेच ठेवते आणि पुन्हा येत नाही. मुलं तर त्याच इमारतीत रोज येतात, पण अभ्यासिकेत. आधी दहावी, मग जेईई नाहीतर नीट, पुढे एमपीएससी. अभ्यासिकेत सकाळी खुर्ची मिळायची मारामार आणि कथा-कादंबऱ्यांच्या विभागात पेन्शनर आजोबा तेवढे. एकाच छपराखाली इतकी तरुण मुलं येतात आणि त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीच गोष्टीपर्यंत पोचत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

ही फक्त आपल्या शहराची गोष्ट नाही. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार देते. पुरस्कार मोलाचा आहे, त्यानं मराठीतली कितीतरी चांगली पुस्तकं पुढे आली. पण त्याच्या कक्षेत नऊ ते सोळा वर्षांचे सगळे वाचक एकत्र येतात. नऊ वर्षांच्या मुलाला जे हवं ते सोळा वर्षांच्या मुलीला कसं पुरेल? त्या सात वर्षांत माणसाचा आवाज बदलतो, अंग बदलतं, देवावरचा विश्वास हलतो, बापाशी पहिलं खरं भांडण होतं, कोणीतरी आवडायला लागतं आणि ते कोणालाच सांगता येत नाही. याच वर्षांत वाचायला सगळ्यात जास्त लागतं, आणि याच वर्षांसाठी आपल्याकडे कपाट नाही.

इतरांनी काय केलं ते थोडक्यात सांगते. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात एस. ई. हिंटन नावाच्या मुलीनं शाळेत असतानाच 'द आउटसायडर्स' ही कादंबरी लिहिली. आपल्या वयाच्या मुलांचं खरं जगणं सांगणारं काहीच वाचायला मिळत नाही, याचा तिला राग होता. १९६७ मध्ये पुस्तक छापून आलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. गरीब वस्तीतली पोरं आणि पैसेवाल्या घरची पोरं, त्यांच्या टोळ्या, मारामाऱ्या आणि त्यात गेलेले जीव, असं ते पुस्तक आहे. ते मुलांच्या हाती पोचलं त्यात शाळेतल्या शिक्षकांचा आणि ग्रंथपालांचा मोठा हात होता. पुढे तिथे किशोरवयीन वाचकांच्या पुस्तकांचं वेगळं दालन उभं राहिलं, आणि २००० पासून अमेरिकी ग्रंथालय संघटना त्यांच्यासाठी वेगळा पुरस्कार देऊ लागली. त्या पुरस्काराला नाव आहे मायकल प्रिंट्झ यांचं. प्रिंट्झ लेखक नव्हते, प्रकाशक नव्हते. कॅन्सस राज्यातल्या टोपेका गावात एका शाळेचे ते ग्रंथपाल होते. एका शालेय ग्रंथपालाच्या नावानं देशातला मानाचा साहित्य पुरस्कार दिला जातो, हे मी माझ्या ओळखीच्या प्रत्येक ग्रंथपालाला आवर्जून सांगते.

आपल्याकडे ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच लिहून ठेवलं: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. हे सूत्र तुम्ही माझ्याआधी शिकलात. नववीतला मुलगा त्या 'प्रत्येक' मध्ये येतो की नाही, एवढंच मला विचारायचं आहे.

मराठीत या वयासाठी आहेच काय, असं कोणी म्हणालं तर मी ते मान्य करणार नाही. आहे, आणि अस्सल आहे. फक्त ते चुकीच्या कपाटात आहे, किंवा कुलुपात.

मिलिंद बोकील यांची 'शाळा' घ्या. २००४ मध्ये आली, पुढे तिच्यावर सिनेमाही निघाला. आणीबाणीचा काळ, नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र सुऱ्या, चित्र्या, फावड्या, आणि वर्गातली शिरोडकर. पुस्तक मोठ्यांचं म्हणून मोठ्यांच्या विभागात असतं. पण नववीतल्या मुलांच्या हाती ते दिलं की पहिल्या काही पानांतच त्यांना आपला वर्ग दिसतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता. धडा वाचायला उभं केलं की त्याला घाम फुटायचा. 'शाळा' त्यानं झपाट्यात संपवली आणि मला स्टाफरूमच्या दारात गाठून विचारलं, "मॅडम, या लेखकाले आमच्या डोक्यातलं कसं काय मालूम?" वाचकाच्या आयुष्यात हा प्रश्न ज्या दिवशी पडतो, त्या दिवशी तो वाचक होतो. तोवर तो विद्यार्थी असतो.

'पाडस' विषयी मला जास्त बोलायचं आहे. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या 'द यर्लिंग' या कादंबरीला १९३९ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळालं. राम पटवर्धनांनी ती मराठीत आणली आणि अशी आणली की फ्लॉरिडाच्या जंगलातलं ते शेत आपल्याच रानाला लागून असावं असं वाटतं. ज्योडी नावाचा मुलगा, त्यानं पाळलेलं हरणाचं पाडस, आणि मोठं होत जाणारं ते पाडस जेव्हा घरच्या मक्याच्या पिकात शिरायला लागतं तेव्हा त्या घरावर येणारी वेळ. माझ्या वर्गात नागपुरात वाढलेली मुलं आहेत आणि उमरेड, काटोल, नरखेडकडून इथे वसतिगृहात किंवा मामाकडे राहून शिकणारीही आहेत. पुस्तक वाचल्यावर शहरातली मुलं ज्योडीच्या बापावर चिडलेली होती. तेव्हा उमरेडकडची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, उभी राहिली. म्हणाली, "रानडुकरं वावरात शिरली की माझे बाबा रात्र रात्र जागलीवर जाते. पीक गेलं तर वर्षभर खाचं काय, ते सांगा तुम्ही." वर्गात कोणाकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. तो वाद पुढच्या तासाच्या गणिताच्या सरांपर्यंत गेला आणि त्यांनीही नंतर माझ्याकडून पुस्तक मागून नेलं. एका दूरदेशीच्या कादंबरीनं विदर्भातल्या दोन प्रकारच्या मुलांना पहिल्यांदा एकमेकांची घरं दाखवली. पाठ्यपुस्तकातल्या कोणत्या धड्यानं हे कधी केलं, मला आठवत नाही.

ल. म. कडू यांच्या 'खारीचा वाटा' या पुस्तकाला २०१७ चा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावातल्या मुलाची ती गोष्ट आहे. गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि वैनगंगेच्या काठची गावंच्या गावं उठली. ज्या मुलांच्या आजी-आजोबांचं गाव आता पाण्यात आहे, अशी मुलं नागपुरातल्या वस्त्यांमध्ये राहतात, आपल्या शाळांमध्ये शिकतात. त्यांच्या घरात ती गोष्ट कोणी नीट सांगत नाही, कारण सांगणाऱ्याचा गळा दाटून येतो. हे पुस्तक त्यांच्या हाती पोचणं हा मला वाचनाच्या आवडीपेक्षा मोठा प्रश्न वाटतो.

आणि 'चौघीजणी'. लुइझा मे अल्कॉट यांचं १८६८ चं पुस्तक, शांता शेळके यांनी मराठीत आणलेलं. शांताबाईंनी आपल्या हिस्लॉप कॉलेजात मराठी शिकवलं आहे. ज्या शहराच्या वर्गखोल्यांमध्ये त्या उभ्या राहिल्या, तिथल्या मुलींना लिहिण्याचं वेड घेतलेली ज्यो अजून भेटलेली नसावी, हे मला सहन होत नाही. माझ्या वर्गात दरवर्षी दोन-तीन ज्यो असतात. त्यांच्या वह्यांची मागची पानं भरलेली असतात.

बाकीच्यांची नावं भराभर घेते. अडखळत वाचणाऱ्यांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, कारण तो वाचकाला पळवत नेतो आणि एक भाग संपला की दुसरा मागायला लावतो. शब्दांचा नाद लागलेल्यांसाठी प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'मधला लंपन. 'वनवास' हा कथासंग्रह आहे, कादंबरी नाही, पण नियम असे पाळायचे नसतात. अ‍ॅन फ्रँकची डायरीही हवी, ती वही तिला तेराव्या वाढदिवसाला मिळाली होती, म्हणजे आमच्या आठवीतल्या मुलींच्याच वयात. भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला'ला २०२४ चा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. रहस्य आवडणाऱ्या मुलांना द्यायला ते उत्तम. हॅरी पॉटर मराठीत आहे, तोही ठेवा, त्यात कमीपणा नाही.

आता पाच प्रतींचं.

या वयाचं मूल शिक्षकाच्या सांगण्यावरून पुस्तक उचलत नाही. आईबापाच्या सांगण्यावरून तर मुळीच नाही. बाजूच्या बाकावरची मैत्रीण "तू हे वाचच" म्हणाली की उचलतं. हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. ग्रंथालयात प्रत एकच असते तेव्हा काय होतं? एकीनं वाचलं, तिला राहवेना, तिनं मैत्रिणीला सांगितलं. मैत्रीण संध्याकाळी गेली तर पुस्तक तिसऱ्याच कोणाकडे. परत यायला पंधरा दिवस. तोवर युनिट टेस्ट आली, ट्यूशनची वेळ बदलली, पहिलीचा उत्साहही ओसरला. सांगणारी आणि ऐकणारी एकाच वेळी त्या गोष्टीत असायला हव्यात, तरच बोलणं होतं. पाच प्रती असल्या की पाचजणी एकाच आठवड्यात त्या गोष्टीत असतात. कोणी पुढे असते, कोणी मागे. "मला शेवट सांगू नको" अशी ओरड होते. एकीला नायक आवडतो, दुसरीला तो बिनकामाचा वाटतो. डब्याच्या सुट्टीत भांडण होतं. ते भांडण ऐकून सहावी मुलगी विचारते, "काय वाचून राहिल्या तुम्ही?" पुस्तक पसरतं ते असं.

आमच्या वर्गात आम्ही वर्गणी काढून एका कादंबरीच्या पाच प्रती आणल्या. काही नव्या, काही बर्डीवरच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडून शोधून. प्रत्येक प्रतीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मुलांनी स्वतःहून नावं लिहायला सुरुवात केली, पुढचा नंबर कोणाचा म्हणून. एका प्रतीवर ती यादी पान भरून पुठ्ठ्यावर गेली. दुसऱ्या वर्गाची नावं त्यात आली, मग कोणाच्या तरी मोठ्या बहिणीचं आलं. मी त्यात काहीच केलं नव्हतं. पुस्तकाची ओळख करून दिली नाही, प्रश्न विचारले नाहीत. प्रती होत्या, एवढंच.

नवीन पन्नास शीर्षकं घेतली की संग्रह वाढतो आणि वार्षिक अहवालात ते दिसतं, हे मला कळतं. समितीला सभासदांना उत्तरं द्यायची असतात. तरीही या एका कपाटापुरता हिशेब उलटा करा. पन्नास शीर्षकांची एकेक प्रत घेण्याऐवजी दहा शीर्षकांच्या पाच-पाच घ्या. पैसे तेवढेच लागतील. दाखल नोंदवहीत पन्नासच आकडे पडतील. फरक पुढच्या वर्षी देवघेवीच्या नोंदींत शोधा. राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून पुस्तकं मिळतात, ती त्यांच्या यादीतून येतात. हे कपाट मात्र तुमच्या स्वतःच्या निवडीनं भरा, आणि त्या निवडीत मुलांना बसवा. चार-सहा मुलामुलींची एक छोटी समिती असू द्या. दुकानात त्यांना बरोबर न्या. त्यांनी नाकारलेलं पुस्तक कितीही थोर असलं तरी या कपाटात घेऊ नका.

मुलांना बोलू द्यायचं म्हणजे काय, हेही सांगते. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, आपण २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. त्या दिवशी बहुतेक ठिकाणी भाषण होतं, फोटो होतात, निबंध स्पर्धा होते, पहिल्या तिघांना बक्षीस मिळतं. जे वाचतात ते जिंकतात, आणि जे वाचत नाहीत त्यांना आपण वाचणारे नाही हे चारचौघांत कळतं. त्यापेक्षा दर शनिवारी संध्याकाळी अर्धा-पाऊण तास ठेवा. एका मुलानं आपल्या आवडत्या पुस्तकातलं एक पान मोठ्यानं वाचायचं आणि ऐन रंगात आलं की थांबायचं. बस. पुढे काय झालं हे विचारणाऱ्याच्या हातात प्रत द्यायची. सारांश नको, बोध नको, "यातून आपण काय शिकलो" तर अजिबात नको. हा एक प्रश्न सगळ्या गोष्टीची चव घालवतो. पुस्तक आवडलं नाही म्हणून चाळिसाव्या पानावर सोडून देण्याची मुलांना पूर्ण मुभा असावी, आणि का सोडलं हे सांगण्याचीही. न आवडल्याचं ठामपणे सांगता येणं हे मला चांगल्या वाचकाचं लक्षण वाटतं.

पालक तक्रार करतील, ही भीती मला माहीत आहे. या वयाच्या कादंबऱ्यांत प्रेम असतं, शरीर असतं, मरण असतं, दारू पिणारा बाप असतो, जातीवरून केलेला अपमान असतो. हे सगळं त्यांच्या आयुष्यातही असतं. मोबाइलवर ते त्यांना तुकड्यातुकड्यांत, आगापिछा नसताना, रात्री पांघरुणात दिसतं. कादंबरीत तेच सावकाश येतं. एका माणसाच्या मनातून येतं आणि केलेल्या गोष्टीचे परिणाम शेवटच्या पानापर्यंत बरोबर चालतात. दोन्हीपैकी मी माझ्या विद्यार्थिनीच्या हाती काय देईन, हे सांगायची गरज नाही. मात्र कपाटात येणारं प्रत्येक पुस्तक आधी ग्रंथपालांनी स्वतः वाचलेलं असावं, यावर मी अडून बसेन. कोणी पालक रागावून आले तर "मी वाचलं आहे, बसा, आपण बोलू" असं म्हणता यायला हवं. न वाचता ठेवलेल्या पुस्तकाची बाजू कोणालाच घेता येत नाही.

आणि या शहरात वाचक नाहीत असं कृपा करून म्हणू नका. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा दिली, त्या दीक्षाभूमीच्या परिसरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या दुकानांपुढे किती गर्दी असते, ते तुम्ही दरवर्षी बघता. गावाकडून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं भाकरीच्या पिशवीत पुस्तकं घालून परत जातात. त्यांच्याबरोबर पंधरा-सोळा वर्षांची मुलं असतात. ती एकेक पुस्तक उलटून बघत असतात, पैसे मोजत असतात, दोनातलं कोणतं घ्यावं याचा विचार करत असतात. ज्या घरात पुस्तकाला इतका मान आहे, त्या घरातल्या मुलाला वर्षाचे उरलेले दिवस कादंबरी कुठे मिळते? माझ्या पत्राचा पत्ता म्हणूनच तुमचा आहे.

आता थोडं वेळेबद्दल. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही, पोरं घरात कूलरसमोर लोळत मोबाइल बघतात. वर्षातला सगळ्यात मोठा वाचनाचा काळ आपल्याकडे तोच आहे. तेव्हा सुट्टी लागायच्या आठवड्यात प्रत्येक मुलाला एकाच वेळी चार पुस्तकं न्यायची परवानगी द्या, परतीची मुदत शाळा उघडेपर्यंत ठेवा. उन्हाळ्यात सकाळी साडेसातला हे कपाट उघडं असावं. संध्याकाळी सातनंतरच्या वेळा मुलींना उपयोगाच्या नाहीत, आई पाठवत नाही. हे वेळापत्रक ठरवताना समितीत एखादी आई असू द्या. शहर आता पसरलं आहे, हुडकेश्वर, वाठोडा, हिंगणा रोडवरून रोज येणं शक्य नाही. पण मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला भेटतात, खापरीकडून, ऑटोमोटिव्ह चौकाकडून, प्रजापती नगराकडून आणि लोकमान्य नगराकडून. निदान बर्डीच्या आसपास असलेल्या ग्रंथालयांनी सुरुवात केली तर चारही दिशांची मुलं पोचू शकतील.

अनामत रकमेचाही विचार करा. ज्यांना परवडतं त्यांनी भरावी. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र चालावं. पुस्तक हरवलं तर दंडाऐवजी मुलानं चार शनिवार येऊन पुस्तकांना कव्हरं घालावीत. पाचांतली एक प्रत हरवणारच, हे धरून चाला. सहसा ती सगळ्यात जास्त वाचली गेलेली असते.

इंग्रजी शाळांतल्या मुलांना विसरू नका. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. तरी सीबीएसईच्या आठवीतल्या मुलाला मराठी म्हणजे गुण मिळवायचा विषयच वाटतो. तो इंग्रजीत जाडजूड कादंबऱ्या वाचतो, मित्रांशी हिंदीत बोलतो, आजीशी मराठीत. त्याला मराठीतली एखादी वेगवान गोष्ट मिळू द्या. तो हळू वाचेल, पण वाचेल. ज्यांच्या घराजवळ ग्रंथालयच नाही, त्यांना 'किशोर' दाखवा. बालभारती १९७१ पासून हे मासिक काढते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात.

लिहिणाऱ्यांकडेही माझं मागणं आहे, म्हणून या पत्राची एक प्रत विदर्भ साहित्य संघाला देते आहे. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या संघानं शताब्दीनिमित्त २०२३ चं अखिल भारतीय साहित्य संमेलन वर्ध्याला घेतलं. आता या दुसऱ्या शतकात आमच्या मुलांसाठी इथल्या मातीतल्या कादंबऱ्या लिहून घ्या. फास्टर फेणेचं पुणं आमच्या मुलांना पाठ आहे. कोराडीच्या चिमण्यांखाली वाढणारा मुलगा, गोरेवाड्याला सायकलवर जाणाऱ्या तिघी मैत्रिणी, पेंचच्या गाइडची पोरगी, कापसाच्या भावावर जिची बारावी अवलंबून आहे ती कळमेश्वरची मुलगी, यांच्या गोष्टी त्यांच्याच बोलीत वाचायला मिळाव्यात. मारुती चितमपल्लींनी इथल्या जंगलाची भाषा मराठीला दिली. ती वाचून मोठं झालेलं कोणीतरी हे लिहील. कदाचित लिहिणारी आत्ता नववीत असेल. हिंटनही शाळेतच होती.

तर आता कामाचं. पहिल्या दहा कादंबऱ्यांची यादी माझ्या विद्यार्थ्यांनी केली आहे, वाद घालून, दोन वेळा बदलून. जे ग्रंथालय तयार असेल त्यांना ती पाठवते. शाळा उघडल्यावर जुलैच्या पहिल्या शनिवारी मी मुलांना घेऊन यायला तयार आहे. कपाट तेव्हा रिकामं असलं तरी चालेल. पुस्तकांना कव्हरं घालायला, शिक्के मारायला, शेवटच्या पानावर नावांसाठी रेघा आखायला हात लागतीलच. कोणत्या वेळी यायचं, तेवढं कळवावं.

आपली नम्र,
नागपुरातली एक मराठी शिक्षिका